चादरीखालचे दोन रिसीव्हर

वाटणी झाल्यापासून त्या घरात सगळ्यांचं एकमत झालेली एकच गोष्ट होती: गाणी ऐकायचा जुना रिसीव्हर मेला. त्यावर वाद घालायला जागाच नव्हती. आई खुर्चीत बसून ऐकत असताना त्याच्या पाठीतून धुराची रेघ निघाली, आत काहीतरी चटकन तुटलं आणि दिवाणखाना गप्प झाला. भाऊ वरच्या मजल्यावरून धावत आला, छोटू समोरच्या दारातून आला, दोघांनी मिळून वायर उपटली आणि कित्येक महिन्यांनी एकमेकांकडे बघून एकच शब्द बोलले. "गेला."

नवा कुठला घ्यायचा यावर मात्र ते एकमत टिकलं नाही. टिकलं असतं तर ते भाऊ आणि छोटू कसले! भाऊ लिफ्ट दुरुस्त करणारा, त्याचा विश्वास वजनावर. जे जड ते टिकाऊ, एवढं त्याचं शास्त्र. त्याने आणलेला रिसीव्हर जिन्यावरून चढवताना दोघांना घाम फुटला. छोटू दातांचा डॉक्टर. चाळिशी उलटली, टक्कल पडलं, तरी घरात तो छोटूच. त्याने आणलेला रिसीव्हर चपटा, देखणा, काखेत मारून आणता येईल असा. दोन्ही दुकानदारांनी घरी वाजवून बघा, नको तो परत आणा, असं सांगितलं होतं. रविवारी दुपारी निकाल लावायचं ठरलं.

निकाल कोण देणार, हा प्रश्न त्या घरात पडत नसे. दारावरच्या घंटीपासून गजराच्या घड्याळापर्यंत वाजणारी कुठलीही वस्तू घरात यायची तर ती आधी शेडच्या कानाखालून जायची. भाऊ हे वाक्य मुद्दाम असंच म्हणायचा आणि दर वेळी स्वतःच हसायचा. शेड घरामागे होती, तिथे पियानो दुरुस्त व्हायचे, आणि शेडचा कान म्हणजे पूर्वी बाबा, आता ताई. थोरली असल्यामुळे ती भावांची ताई होतीच, पण गावभरातल्या शाळा, सभागृहं आणि पियानो शिकवणाऱ्या बायकाही तिला ताईच म्हणत. दोन तारा एकत्र वाजल्या की त्यांच्यात जी बारीक थरथर उरते ती ऐकायची आणि नाहीशी होईपर्यंत खुंटी पिळायची, हे तिचं काम. त्यावर तिचं, आईबाबांचं आणि शेडचं चालत होतं.

म्हणूनच मागच्या आठवड्यात स्वयंपाकघरात जे झालं ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. किटली गॅसवर ठेवून ती तिथेच टेबलाशी वाचत बसली होती. करपल्याचा वास आला तेव्हा मान वर केली, तर किटलीतलं पाणी आटून बूड लाल झालं होतं. किटलीला शिट्टी होती. ती चांगली कर्कश शिट्टी होती, शेजारची मांजरसुद्धा तिला दचकायची. आणि ताईला ती ऐकूच आली नव्हती. तेव्हापासून ती दिवसातून दहादा हातातलं घड्याळ कानाशी धरून बघत होती आणि प्रत्येक वेळी टिकटिक थोडी आणखी लांब गेल्यासारखी वाटत होती. बाबांचे कान गेले तेव्हा बाबा तिच्याच वयाचे होते.

रविवारी ती दिवाणखान्यात आली तेव्हा कपाटावर दोन उंचवटे होते आणि दोन्हींवर आईच्या जुन्या चादरी. पुढून काही दिसू नये, कंपनीचं नाव वाचून ताईचं मत बनू नये, म्हणून ही वहिनीची युक्ती. वहिनी म्हणजे भाऊची बायको, शाळेत गणित शिकवणारी. परीक्षा कशी घ्यायची हे तिला कुणी शिकवायला नको होतं. मधे एक लाकडी खोका होता, त्यावर लिफ्टच्या जुन्या पॅनेलची दोन गोल बटणं. एकावर 'तळमजला', दुसऱ्यावर 'पहिला मजला'.

"एक दाबलं की एक वाजतो, दुसरं दाबलं की दुसरा," भाऊ अभिमानाने म्हणाला. "मी जोडलंय."

"आणि मी तपासलंय," छोटू म्हणाला. "चार हात. एकेक वायर सोडून पुन्हा बसवली."

चार हात हा शेडचा नियम होता. एकाने आवळलेलं दुसऱ्याने सोडून पुन्हा आवळायचं आणि मग 'झालं' म्हणायचं. बाबांनी तो घालून दिला होता आणि मुलांनी तो पियानोबाहेर सगळीकडे नेला होता, कारण त्यात एकमेकांवर अविश्वास दाखवायची रीतसर सोय होती.

"कपाटामागे एवढीशी फट आहे," छोटू सांगत होता. "हात जातो तर डोकं जात नाही. शेवटी दवाखान्यातला छोटा आरसा आणला. अक्कलदाढेपर्यंत दिसतं त्यातनं."

"तो आरसा धुऊन आणलास ना?" आईने विचारलं. ती कोपऱ्यात आपल्या खुर्चीत बसली होती, आणि तिचा वाचायचा उंच दिवा तिच्या डोक्यावर जळत होता. "आणि दिवसाढवळ्या हा दिवा कुणी लावून ठेवलाय? बिल काय तुमचा सासरा भरणार आहे?"

"राहू दे गं आई, ताईला सुरू करू दे."

ताई मधल्या खुर्चीत बसली. तिच्या बाजूला बाबा बसले, हात गुडघ्यांवर, चेहरा भावांकडे. पाहुण्यांना वाटावं, म्हातारा किती लक्ष देऊन ऐकतोय. खरं तर बाबा ऐकत नसत, बघत. ओठ बघत, भुवया बघत. कानातलं यंत्र टेबलाच्या खणात पडलेलं होतं आणि त्याचं नाव काढलं की बाबा उठून शेडमध्ये जात. म्हणून घरात कुणी त्याचं नाव काढत नसे.

सीडी त्यांचीच होती. चांगल्या दिवसांत एका मोठ्या वादकाने सभागृहातल्या पियानोवर वाजवलेलं ते ध्वनिमुद्रण, आणि तो पियानो बाबांनी जुळवलेला. ताईला त्यातला प्रत्येक सूर पाठ होता. मधे एका ठिकाणी वादकाच्या खुर्चीची करकरसुद्धा.

"तळमजला," म्हणून वहिनीने बटण दाबलं.

पियानो वाजू लागला. स्वच्छ, भरलेला आवाज. ताईच्या खांद्यांवरचा ताण जरा उतरला.

"पहिला मजला."

खट् झालं आणि पियानो वाजत राहिला. ताई वाट बघत होती. काहीतरी बदलायला हवं होतं. जड आणि हलका, दोन वेगळ्या कंपन्यांचे, दोन वेगळ्या घडणीचे रिसीव्हर. आवाजाचा पोत थोडा तरी सरकायला हवा होता.

"पुन्हा तळमजला," ती म्हणाली.

खट्.

"पुन्हा वर."

खट्. काहीच नाही. तोच सूर, तीच करकर, तीच शांतता.

"बघितलंस?" भाऊ म्हणाला. "तळमजल्याला कसा दम आहे! खालचे सूर पोटात उतरतात. वरचा आपला चिरकतोय."

"चिरकतोय?" छोटू उसळला. "वरचा मोकळा आहे मोकळा! वाद्य समोर ठेवल्यासारखं वाटतं. तळमजला म्हणजे गोधडीतून वाजवल्यासारखा."

कुठला कोणाचा हे ओळखायला कान लागत नव्हते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. पण गंमत पुढे झाली.

"मला वरचाच बरा वाटला," वहिनी म्हणाली.

भाऊने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने माहेरी जायची बॅग भरली. "तुला फरक कळला?"

"न कळायला काय झालं? वरचा नितळ आहे. आणि भावोजींचा चपटा आहे, खालून फडकं फिरवता येतं. तुमच्या त्या तिजोरीखाली धूळ साचली की ती काढायला क्रेन बोलवावी लागेल."

"म्हणजे फडक्याचा निकाल हा!"

"मी भाऊच्या बाजूने," आई म्हणाली. छोटूने तीन दिवस जेवायला येतो असं सांगून येणं टाळलं होतं, त्याचा हिशेब तिने असा चुकता केला. "तळमजल्यात माया आहे."

"बाबा, तुम्हाला?" छोटूने बाबांसमोर वाकून, ओठ नीट हलवत विचारलं.

बाबांनी एकदा सगळ्यांचे चेहरे पाहिले. मग संथपणे मान हलवली. "पहिला मजला. वरचे सूर साफ आहेत."

ताईने ते पाहिलं. ती मान तिला ओळखीची होती. सभागृहातल्या त्या संध्याकाळच्या आधी कित्येक महिने बाबा अशीच मान हलवत होते. झालं ना बाबा, नीट लागला ना, असं विचारलं की आधी चेहऱ्याकडे बघायचं आणि मग मान. वरच्या सप्तकातले सूर त्यांच्या कानातून केव्हाच गेले होते. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. नुसत्या हाताच्या सवयीवर जुळवत राहिले, आणि एक दिवस भरल्या सभागृहात वादकाने मधेच हात उचलले, झाकण बंद केलं आणि तो उठून गेला. त्यानंतर बाबांनी पियानो जुळवायची चावी ताईच्या हातात दिली आणि ऐकण्याबद्दल घरात कधी एक शब्द काढला नाही.

"ताई, आता तू," भाऊ म्हणाला. "आमचं जाऊ दे. कान तुझा."

सगळे तिच्याकडे बघत होते. खोटं बोलणं किती सोपं होतं! तळमजला भाऊचा, पहिला मजला छोटूचा. कुणाही एकाचं नाव घ्यायचं, वर दोन शब्द लावायचे, दम आहे, नितळ आहे, आणि उठायचं. भाऊ-छोटू दोघेही तिचा शब्द खाली पडू देणार नव्हते. तिला शब्द सुचलेसुद्धा. तिने तोंड उघडलं, आणि बाजूला बाबा तिचे ओठ वाचायला पुढे झुकलेले तिला दिसले.

"मला फरक ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे दोन्ही सारखेच चांगले?" छोटूने विचारलं.

"म्हणजे मला काही ऐकू येत नाही छोटू. तुम्हा सगळ्यांना येतोय. आईला येतोय, वहिनीला येतोय. मला नाही." आवाज फुटला तेव्हा तो तिने सावरायचा प्रयत्नही केला नाही. "मागच्या आठवड्यात किटली माझ्यासमोर जळाली. शिट्टी ऐकू आली नाही. मी कुणाला सांगितलं नाही. बाबांसारखंच. पण मला ते तसं करायचं नाहीये. सभागृहात कळण्यापेक्षा इथे कळू दे."

वहिनीने सीडी थांबवली. मग वहिनी उठून ताईच्या खुर्चीच्या हातावर बसली आणि तिने ताईचा हात घट्ट धरला. या दोघींचं कपड्यांच्या दोरीवरून दोन महिने बिनसलं होतं, ते तिथे संपलं.

"उद्याच माझ्या ओळखीच्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ," छोटू म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "आणि भाऊ, तुझाच ठेव. माझा मी परत करतो."

"नको, तुझाच राहू दे. माझा जड आहे."

"जड तर चांगला ना, तूच म्हणालास."

"अरे, मी म्हणतोय ना तुझा ठेव!"

"गप्प बसा दोघं!" आई ओरडली. "पोर रडतेय आणि यांना अजून रिसीव्हर सुचतोय."

बाबांना यातलं किती समजलं होतं, कोण जाणे. पण ताईचं वाक्य त्यांनी तिच्या ओठांवर पूर्ण वाचलं होतं. ते उठले, तिच्यासमोर आले, तिच्या डोक्यावर हात ठेवून क्षणभर उभे राहिले. आणि मग, ती जे ऐकू शकत नाही ते आहे तरी काय हे बघायला निघाल्यासारखे कपाटापाशी गेले.

"लाव," ते म्हणाले. वहिनीने सीडी पुन्हा लावली.

बाबांनी चादरींवर एकेक तळहात ठेवला. सभागृहाच्या प्रसंगानंतर ते असंच करत. गाणं लावलं की येता-जाता स्पीकरवर नाहीतर रिसीव्हरवर हात ठेवून उभे राहत. घरच्यांना वाटे, वय झालं, आधार घेतात. त्यांनी डावा हात उचलला, पुन्हा ठेवला. मग चादरीखाली घातला. मग उजवा.

"हा गार आहे," बाबा म्हणाले.

"काय?" भाऊ म्हणाला.

"हा गरम. हा दगडासारखा गार. हा वाजत नाहीये."

भाऊने धावत जाऊन चादर ओढली. छोटूच्या देखण्या रिसीव्हरवर एकही दिवा नव्हता. भाऊ पोटावर आडवा झाला, कपाटाखालून त्याची वायर पकडली आणि तिचं टोक हाती लागेपर्यंत ओढत राहिला. टोक मोकळंच हातात आलं.

"छोटू," तो जमिनीवरूनच म्हणाला, "याची पिन काढून तिथे काय लावलंयस?"

छोटूने वर पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. आईच्या डोक्यावरचा उंच दिवा भर दुपारी निवांत जळत होता.

"मागे अंधार होता," छोटू पुटपुटला. "आरशात दिसायला उजेड नको? मी म्हटलं तपासून झालं की परत…"

"पण मग वरचं बटण दाबल्यावर वाजलं कसं?" वहिनीने गणिताच्या बाईंच्या आवाजात विचारलं.

भाऊने आता छोटूच्या खिशातला आरसाच काढून घेतला आणि फटीत घातला. थोडा वेळ नुसतं हुं-हुं ऐकू आलं. मग तो उठून बसला. त्याला हसू आवरत नव्हतं. "माझ्या रिसीव्हरला मागे स्पीकर लावायच्या दोन जोड्या आहेत. डॉक्टरसाहेबांनी माझी एकेक वायर सोडली आणि दोन्ही मजल्यांच्या वायरी माझ्याच रिसीव्हरमध्ये खोचल्या. तळमजला माझा आणि पहिला मजलाही माझाच! चिरकणारा मीच, मोकळा मीच आणि नितळही मीच!"

"आरशात उलटं दिसतं," छोटू म्हणाला.

"रोज दात कसे काढतोस रे? लोकांचे बरोबर असलेले काढतोस की काय?"

वहिनी हसायला लागली आणि मग तिला थांबता येईना, कारण सगळ्यात ठामपणे नितळ म्हणणारी तीच होती. आई म्हणाली, "माया होती म्हणाले ते खरंच आहे, दोन्हीकडे होती," आणि स्वतःच पदर तोंडाला लावून हसली. ताई मात्र हसत नव्हती. ती चादरीकडे बघत होती. फरक नव्हताच. जे नव्हतं ते तिला ऐकू आलं नव्हतं. तिच्या छातीवरून कुणीतरी पियानो उचलून बाजूला ठेवला. मग ती रडली, आणि या वेळी कुणी तिला गप्प करायला गेलं नाही.

"पण किटली," ती डोळे पुसत म्हणाली. "शिट्टी तर होती."

"कुठली शिट्टी?" आईने विचारलं. "ती मी त्याच सकाळी काढून फेकली होती. डोकं उठायचं तिने."

"आई! आणि सांगितलं नाहीस?"

"तुम्ही मला काय काय सांगता ते आधी मोजा, मग मला बोला."

भाऊने वायरी नव्याने जोडल्या, छोटूने दिव्याची पिन स्वतः उपटली आणि या खेपेला चार हातांनंतर वहिनीचे आणखी दोन हात लागले. सीडी पुन्हा सुरू झाली. तळमजला. खट्. पहिला मजला.

पहिल्याच खटक्याला ताईने हात वर केला. "थांबा. पुन्हा खाली." ती डोळे मिटून पुढे झुकली. "भाऊ, तुझ्यात दम आहे, खरंच आहे. पण सूर थांबला की मागे काहीतरी घुमतंय. बारीक, माशीएवढं."

"मला नाही ऐकू येत," भाऊ म्हणाला.

"मलाही नाही," छोटू म्हणाला. त्याच्या रिसीव्हरच्या बाजूचा निकाल होता, तरी तो खरं बोलला.

"तुम्हाला कसं येईल?" आई म्हणाली. तिच्या आवाजात असा काही थाट होता, की कुणी वाद घातला नाही.

निकाल छोटूच्या बाजूने लागला. आपला रिसीव्हर दुकानात परत नेताना तो खाली उतरवायला छोटूनेच हात लावायचा, या अटीवर भाऊने निकाल मान्य केला. अट छोटूने लगेच कबूल केली. रिसीव्हर जिन्याच्या तोंडाशी ठेवून दोघे पहिल्या पायरीवरच बसले आणि बोलत राहिले. काय बोलत होते ते आत ऐकू येत नव्हतं. भांडणाचा आवाज नव्हता एवढं मात्र ताईला नीट ऐकू आलं.

दिवाणखान्यात पियानो चालूच होता. बाबा स्पीकरजवळ उभे होते, त्याच्या कापडावर तळहात टेकवून. ताई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी.

"पहिला मजला, म्हणालो मी," बाबा म्हणाले. "वरचे सूर साफ आहेत, म्हणालो. मला तर काहीच ऐकू येत नव्हतं. छोटूचं तोंड बघून बोललो." त्यांचा हात कापडावरच होता. "सगळ्यांचीच तोंडं बघून बोलतो मी."

"माहीत आहे बाबा."

"तू तसं केलं नाहीस."

त्यांनी तिचा हात धरला आणि आपल्या हाताशेजारी कापडावर टेकवला. आत पियानो थरथरत होता. आणि तेव्हा, सभागृहातल्या त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा, बाबांनी विचारलं:

"सांग. कसं वाजतंय?"

ती त्यांच्याकडे तोंड करून, एकेक शब्द नीट उच्चारत सांगू लागली.